आमची वाटचाल : तपासणीचे तीनशे रुपये

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या मागच्या बाजूला, एका बंद पडलेल्या लेथ शॉपच्या शेडमध्ये २०११ साली आम्ही गॅरेज सुरू केलं. दोन गाड्या कशाबशा उभ्या राहतील एवढी जागा, खाली पिट, भिंतीला पान्यांचा बोर्ड. माझे मिस्टर त्याआधी बारा वर्षं दुसऱ्यांकडे मिस्त्री होते. मी बी.कॉम., पतसंस्थेत कॅशियर. हिशोब जमतो म्हणून काउंटर माझ्याकडे आला. गाडीतलं मला काहीच कळत नव्हतं.

उद्यमनगरात फ्लायव्हीलला कट मारायचा असो, हेड फेस करायचं असो, बुश दाबून बसवायचा असो, सगळं हाकेच्या अंतरावर होतं. तशीच गॅरेजंही दाराला दार लागून. गिऱ्हाईक सकाळी चार ठिकाणी विचारायचं आणि जो कमी सांगेल त्याच्याकडे गाडी लावायचं. गाडी आपल्याकडे यावी म्हणून आम्हीही कमी सांगायला लागलो.

२०१३ मध्ये एक निवृत्त शिक्षक आले. खड्ड्यातून जाताना पुढून खडखड आवाज येत होता. मिस्टरांनी गाडी न उचलताच, एक चक्कर मारून साडेसहा हजार सांगितले. खोलल्यावर लोअर आर्मचे बुश गेलेले दिसले, आणि पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर गळत होते. यांनी सगळं बदललं, पण फोन केला नाही. बिल अकरा हजार दोनशे झालं. काम खोटं नव्हतं, पार्टही अस्सल होते. गुरुजींनी पाकिटातले पैसे काउंटरवर मोजून ठेवले आणि एवढंच म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर पुढच्या महिन्यात पेन्शन झाल्यावर गाडी आणली असती." ते परत कधी आले नाहीत. त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून ठरवलं, गाडी वर उचलून बघितल्याशिवाय आकडा सांगायचा नाही. आणि बघण्याचे पैसे घ्यायचे. तेव्हा दीडशे घेत होतो, आता तीनशे घेतो. काम आमच्याकडे करा नाहीतर दुसरीकडे, तपासणीचे पैसे वेगळे. शेजारी सगळीकडे तपासणी फुकट असताना हे लोकांना पटेना. "नुसतं बघायचे पैसे?" असं म्हणून कितीतरी जण दारातून परत गेले. त्या वर्षी भाडं भरायला माझ्या पाटल्या गहाण पडल्या.

पण मला हे तेव्हाही बरोबर वाटत होतं आणि आजही वाटतं. फुकट तपासणारा तासभर गाडीखाली घालवतो, त्या तासाचे पैसे त्याला कुठल्यातरी पार्टमधून काढावे लागतात. "काहीच बदलायची गरज नाही" हे उत्तर त्याला परवडत नाही. आम्हाला परवडायला हवं होतं.

एक उदाहरण सांगते. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातल्या एका कापड दुकानदारांनी क्लचच्या कामाची तीन कोटेशनं आणली. एक ४,८०० चं, एक ७,६०० चं, एक ९,४०० चं. त्यांना वाटलं मधला खरा असणार. मी तिन्ही कागद शेजारी ठेवले आणि मिस्टरांना एकेक ओळ विचारत गेले. पहिल्यात फक्त क्लच प्लेट होती. दुसऱ्यात प्लेट आणि प्रेशर प्लेट. तिसऱ्यात या दोन्हींबरोबर रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलचं फेसिंग आणि गिअर ऑइल. म्हणजे तीन वेगवेगळ्या कामांच्या किमती होत्या, तुलना होणार कशी? गिअरबॉक्स उतरवायची मजुरी सगळ्यांत सारखीच. स्वस्तातलं काम करून सहा महिन्यांनी बेअरिंग वाजायला लागलं, की तीच मजुरी पुन्हा. कागदावर सगळ्यात महाग दिसणारं कोटेशन त्या कामापुरतं सगळ्यात रास्त होतं.

मग मिस्टर गाडी घेऊन पन्हाळ्याच्या चढाला गेले. क्लच घसरत असेल तर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो, पण गाडी वेग घेत नाही. तसं थोडं होत होतं. खाली येऊन बघितलं तर केबल इतकी ताणलेली, की पेडलला मोकळा खेळच नव्हता. पाय काढला तरी क्लच पूर्ण बसत नव्हता. केबल ॲडजस्ट केली, पुन्हा चढावर नेली, घसरणं थांबलं. प्लेट थोडी झिजलीय, वर्षभरात काम निघेल, असं कागदावर लिहून दिलं. दीडशे रुपये घेतले. चौदा महिन्यांनी क्लचचं काम निघालं, ते आमच्याकडेच आलं, आणि नंतर त्यांच्या दुकानाचे दोन टेम्पोही.

तेव्हापासून आमचं कोटेशन मी लिहिते. जे मला समजलं नाही ते कागदावर जात नाही. पार्टचं नाव, कंपनी, नग, मजुरी वेगळी, जीएसटी धरून की सोडून, आणि "खोलल्यावर कळेल" अशा गोष्टी वेगळ्या चौकटीत. इंजिन ऑइलपुढे किती लिटर ते लिहिलंच पाहिजे. साडेतीन लिटर लागणाऱ्या गाडीला पाच लिटरचा कॅन फोडला, तर उरलेला दीड लिटर डिकीत ठेवायचा. काढलेले पार्ट पिशवीत घालून परत.

मिस्टरांशी माझं एकदाच मोठं भांडण झालं, कमिशनवरून. स्पेअर पार्टच्या दुकानात मिस्त्रीला टक्केवारी मिळते, ही या धंद्यातली जुनी रीत. पोरांच्या पगारात तेवढीच भर पडते, असं यांचं म्हणणं. पण पार्ट बदलला की पोराच्या खिशात पैसे पडत असतील, तर तो साफ करून चालणारा पार्ट साफ कशाला करेल? शेवटी पगार वाढवले आणि दुकानांना सांगितलं, जी काही सूट असेल ती बिलात दाखवा.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांवर गेलं. शाहूपुरी, नागाळा पार्कातून गाड्या टोचन करून यायला लागल्या. त्या दिवसांत तोंडाला येईल तो आकडा सांगितला असता तरी लोकांनी दिला असता. आम्ही टप्प्याटप्प्याने अंदाज दिला. आधी बॅटरीची वायर काढायची, चावी फिरवायचीच नाही. एअर फिल्टर ओला आहे का, ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय का, ते बघायचं. विमा असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत काही खोलायचं नाही. काही जणांनी पाण्यातच स्टार्टर मारला होता. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलं नसेल तर विमा कंपन्या सहसा ते नुकसान देत नाहीत. हे सांगताना माझा आवाज बसायचा. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच, पण तेव्हा बहुतेकांनी चावी फिरवली नव्हती.

मधल्या काळात, १ एप्रिल २०२०ला, गाड्यांच्या धुराचे नवे नियम, बीएस-सहा, आले. गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरसाठी कर्ज काढावं लागलं. एका डॉक्टरांना दुसरीकडे डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, बदलायला सांगितलं होतं. त्यांची डिझेल गाडी घर ते दवाखाना, जेमतेम तीन किलोमीटर चालायची, त्यामुळे काजळी जळून जायला वेळच मिळत नव्हता. आधी स्कॅनर लावून बघितलं, मग हायवेने कागलपर्यंत एका लयीत नेऊन आणली. डॅशबोर्डवरचा डीपीएफचा दिवा विझला. तपासणीचे तीनशे आणि डिझेल, एवढंच बिल.

आता सहा माणसं आहेत, दोन रॅम्प आहेत. गेल्या आठवड्यात एक ताई दुसऱ्या गॅरेजचं ब्रेकचं कोटेशन घेऊन आल्या. आमच्यापेक्षा अकराशे रुपयांनी कमी. मी ओळ न ओळ वाचली. पॅडची कंपनी चांगली, डिस्कचं फेसिंग धरलेलं, ब्रेक ऑइल डॉट चार, मजुरी वेगळी. सोडलेलं काहीच नव्हतं. "तिथंच करून घ्या," मी म्हटलं, आणि त्या गॅरेजचा पत्ता आमच्या वहीत लिहून ठेवला.