आडवे झोपवण्यापुरती जागा

"तिला कुठल्याच पाळण्यात बसता येणार नाही, मग एवढी दगदग कशाला?" लेकीला मनोरंजन पार्कात नेण्यावरून हा प्रश्न आम्हाला नातेवाइकांनी विचारला आहे, शेजाऱ्यांनी विचारला आहे आणि एकदा तिकीटखिडकीवरच्या माणसानेही अगदी आपुलकीने विचारला आहे. आमची लेक ११ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा राहत नाही, आणि हालचालींच्या क्षमतेनुसार या मुलांचे जे पाच स्तर केले जातात, त्यांतल्या पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र स्तरात ती मोडते. तिला मान फार वेळ सावरता येत नाही, आधाराशिवाय बसता येत नाही आणि बोलता येत नाही. डायपर कायम लागतो आणि जेवण मिक्सरमधून काढून चमच्याने भरवावे लागते. तिचे वजन २७ किलो आहे. हे वजन मुद्दाम लिहिले, कारण पुढे जे सांगायचे आहे ते बरेचसे याच आकड्याशी जोडलेले आहे.

दगदग कशाला, याचे उत्तर मला गोराईच्या खाडीत मिळाले. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन पार्क सुरू झाले, त्यानंतर मुंबईतल्या आमच्या पिढीच्या कितीतरी मुलांनी तिथे जाणारी बोट पकडून पहिले मोठे पाळणे पाहिले. ते पार्क आता बंद आहे. पण लेक सहा वर्षांची असताना आम्ही तिला बोरिवलीच्या बाजूने फेरीबोटीत बसवले, पलीकडे गेलो आणि लगेच परतलो. इंजिनाची धडधड खुर्चीच्या चाकांतून तिच्या पाठीत जात होती आणि वारा समोरून येत होता. ती हसली, म्हणजे फक्त तोंडाने नाही, तर पाय ताठ करून, मान मागे टाकून, सगळ्या अंगाने हसली. वेग, वारा, ताल आणि आसपास आरडाओरडा करणारी मुले तिला मनापासून आवडतात, हे त्या दिवशी आम्हाला कळले. ज्या मुलीला स्वतःहून कूस बदलता येत नाही, तिला आपले शरीर हलते आहे असे वाटणे ही किती मोठी गोष्ट असेल, याचा विचार प्रश्न विचारणाऱ्यांनी एकदा करावा.

त्यानंतर आम्ही चार वेळा पार्कात गेलो. मुंबईत पहिला अडथळा घराबाहेर पडताच येतो. टॅक्सीच्या डिकीत सीएनजीचे सिलिंडर असते, त्यामुळे मान, छाती आणि पाय यांना आधार देणारी तिची मोठी खुर्ची तिथे मावत नाही. टपावर कॅरियर असलेली गाडी किंवा भाड्याची मोठी गाडी आधीच ठरवावी लागते. लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा आहे, पण फलाट आणि डबा यांच्यातली फट ओलांडून ही खुर्ची गर्दीत चढवण्याचे धाडस आम्ही करत नाही. आम्ही डिसेंबर किंवा जानेवारीतला शाळा चालू असतानाचा मधला वार निवडतो, कारण उकाड्यात तिला लवकर थकवा येतो आणि रांगेत दीड तास खुर्चीत घालवला की पुढचा दिवस पाठीच्या दुखण्यात जातो. फिटचे औषध सकाळी आणि रात्री ठरलेल्या वेळेला द्यायचे असते, म्हणून परतीची वेळही आधीच ठरवतो.

पाळण्यांबद्दल माझे मत काहींना पटणार नाही. अनेक पाळण्यांवर तिला नकार मिळतो आणि त्यातले बरेचसे नकार मला योग्य वाटतात. झटक्याने वळणाऱ्या पाळण्यात डोके सांभाळायला मानेचे स्नायू लागतात, मांडीवरचा लोखंडी दांडा धड सावरणाऱ्या माणसासाठी बनवलेला असतो, आणि पाळणा वर अडकलाच तर जिना उतरून खाली यावे लागते. लखलखणारे दिवे असलेल्या अंधाऱ्या दालनात तर मी स्वतःच तिला नेत नाही, कारण काही मुलांना अशा दिव्यांनी फिट येऊ शकते आणि ती जोखीम मला घ्यायची नाही. मला खटकतो तो न विचारता दिलेला नकार. "पेशंट आहे, नको" असे म्हणून हात आडवा करणारे पुष्कळ भेटले. याउलट घोड्यांच्या चक्रावर एक तरुण मुलगा खाली वाकला, आधी तिच्याकडे पाहून हसला आणि मग मला म्हणाला, "ताई, ती मान धरू शकते का? तुम्ही मांडीवर घेऊन बसाल का?" बरोबर प्रश्न तोच होता. वरखाली होणाऱ्या घोड्यांच्या मध्ये एक स्थिर रथ होता, त्यात मी तिला छातीशी धरून बसले. तिची डावी मूठ नेहमी मिटलेली असते, अंगठा आत दाबलेला असतो. नखे कापायची तरी आधी कोमट पाण्यात हात धरून ती सोडवावी लागते. तिसऱ्या फेरीला ती मूठ माझ्या दंडावर आपोआप उघडली होती.

दिवस मोडतो तो मात्र पाळण्यांपाशी नाही, तर स्वच्छतागृहात. पार्काचे नाव लिहीत नाही, कारण हे एका पार्काचे दुखणे नाही. तिथे दिव्यांगांसाठी वेगळे स्वच्छतागृह होते, रुंद दार होते, भिंतीला दांडेही होते. पण ते सगळे त्या माणसासाठी होते, जो हातांच्या बळावर खुर्चीतून कमोडवर सरकू शकतो. माझ्या मुलीला कमोडवर बसता येत नाही, तिला आडवे झोपवूनच बदलावे लागते. बाळांचे कपडे बदलण्याची घडीची फळी तान्ह्या मुलांसाठी होती, तिच्यावर २७ किलोची मुलगी मावणार कशी? शेवटी ओल्या फरशीवर रेक्झिनचे कापड अंथरले, त्यावर चादर घातली आणि तिच्या बाबांनी व मी तिला खाली ठेवले. थंड फरशी लागताच तिचे अंग ताठ झाले, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकले आणि ती रडू लागली. सफाई करणाऱ्या मावशींनी न सांगता बाहेरून दार धरून ठेवले आणि आतली फरशी आपल्या कोरड्या फडक्याने पुसून दिली. पुन्हा उचलताना बाबांच्या कमरेत उसण भरली आणि आम्ही दुपारी अडीच वाजताच घरी निघालो.

लहान असताना हे काम मांडीवर होत होते. मूल वाढते, पण त्याची गरज तान्ह्या बाळाचीच राहते, आणि त्या दोहोंचा एकत्र विचार करून बांधलेली खोली मला इथल्या पार्कांत अजून दिसलेली नाही. ब्रिटनमध्ये २००६ पासून ‘चेंजिंग प्लेसेस’ नावाची चळवळ नेमके हेच मागत आली आहे: साधारण १२ चौरस मीटरची खोली, मोठ्या माणसाला झोपता येईल असे वरखाली होणारे बाकडे, उचलण्यासाठी छताला यंत्र आणि दोघांना उभे राहायला जागा. अमेरिकेत टेक्सासमधील सॅन अँटोनिओ इथे गॉर्डन हार्टमन यांनी आपल्या मुलीसाठी २०१० साली ‘मॉर्गन्स वंडरलँड’ उभे केले. तिथे चाकाच्या खुर्चीसकट बसता येणारे चक्र आणि झोके आहेत, आणि २०१७ साली सुरू झालेल्या त्यांच्या जलउद्यानात पाण्यात नेता येणाऱ्या, दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या मिळतात. दिव्यांग पाहुण्यांना तिकीट काढावे लागत नाही.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात मनोरंजनाचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता यावे यासाठीचे, नियम सरकारी तसेच खासगी सेवा देणाऱ्यांना लागू आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिकाकर्ते राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सांगितले की सुगम्यतेचे किमान निकष सक्तीचे असायला हवेत, नुसत्या मार्गदर्शक सूचना पुरेशा नाहीत. ते निकष प्रत्यक्षात ठरवताना उतार आणि रुंद दारे यांच्या बरोबरीने आडवे झोपवून बदलण्याचे बाकडेही त्यात यावे, एवढे माझे मागणे आहे. छताचे यंत्र महाग असेल, पण सहा फुटांचे मजबूत बाकडे आणि एक पडदा कोणत्याही पार्काला आज परवडेल.

तोवर मी फोन करते. गेल्या आठवड्यात एका पार्काला फोन केला आणि उतार, सवलत, रांग यांपैकी काहीही न विचारता थेट म्हटले, "माझ्या मुलीला आडवे झोपवून बदलायला जागा आहे का?" पलीकडच्या बाई क्षणभर थांबल्या, मग "विचारून सांगते" म्हणाल्या. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. प्रथमोपचाराच्या खोलीत एक पलंग आहे, तो आम्हाला वापरता येईल. मात्र खोली उघडी हवी म्हणून किती वाजता येणार ते आधी सांगायचे. पलंगाची उंची किती, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "थांबा ताई, मी टेप घेऊन जाते आणि मोजून कळवते." संध्याकाळी निरोप आला, १९ इंच. बाबांच्या कमरेला ते चालेल. डिसेंबरमधला एक मंगळवार आम्ही ठरवला आहे.