चौथी कुंची

रात्रीचे पावणेअकरा. आज चौथी कुंची (बाळाचं पाठीवर रुळणारं टोपडं) पार्सल केली. चौथीच आहे, पण चाळीसावी असल्यासारखं वाटायलंय, कारण पहिल्या तिनातच सगळी अक्कल आली.

पहिली तर आत्याच्या नातवाच्या बारशाला फुकटच शिवली होती, हिरव्या खणाची. स्टेटसला फोटो टाकला आणि लातूरच्या एका ताईचा मेसेज, "केवढ्याला देता?" मी घाबरून दीडशे सांगून मोकळी! खण, आतून मलमल (खणातला जरीचा धागा बाळाच्या मानेला टोचतो ना), काठाची पट्टी, वर कुरिअर, सगळं धरलं तर त्यात मला चहाचे पैसेही सुटले नाहीत.

बरं तेवढ्यावर भागलं असतं. आठ दिवसांनी त्या ताईंनी फोटो पाठवला, धुतल्यावर आतली मलमल आटली आणि वरचा खण होता तेवढाच राहिला, सगळी कुंची गोळा होऊन वाळल्या टोमॅटोसारखी. लई लाज वाटली. दुसरी शिवून फुकट पाठवली. आईला सांगितलं तर म्हणली, "अगं माय, कापड पाण्यातून काढलंच नव्हतंस?" नव्हतं काढलं. कोरी मलमल दुकानातून आणली की थेट कात्री लावली होती मी.

तेव्हा आज्जीची वाकळ, म्हणजे गोधडी, आठवली. आम्हाला वाटायचं जुनी लुगडी वाया जाऊ नयेत म्हणून वाकळ, आणि ते तर आहेच, पण शंभरदा धुतलेलं लुगडं आता आणखी काय आटणार आणि कोणता रंग सोडणार? कोऱ्या कापडाची वाकळ आज्जीनं कधी शिवली नाही, ह्याचं हेही कारण असंल की. विचारायला आता ती नाही.

आता भाव साडेतीनशे. घड्याळ लावून बघितलं, कापणं, मागच्या चुण्या, अस्तर, हातानं दुमड घालणं मिळून अडीच तास जातात, मधी लाईट गेली की मोटर काढून पायडलवर. एक बाई म्हणली बाजारात शंभरला मिळती. मिळती ना, सॅटिनची. मी वाद घातला नाही, नुसता हात जोडलेला इमोजी.

फोटोचं वेगळंच. खणात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळं फ्लॅश मारला की हिरवा निळाच दिसतो आणि मग "फोटोत वेगळा होता". आता दुपारी ओसरीतच काढते, दोन बाजूंनी.

भावजी म्हणतात ॲपवर टाक. आधी जीएसटी नंबरशिवाय तिथं विकताच येत नव्हतं, २०२३ च्या १ ऑक्टोबरपासून आपल्यासारख्या छोट्यांना येतं, पण आपल्या राज्यापुरतंच, आणि त्यालाही पोर्टलवर नोंद करून एक नंबर काढावा लागतो. आमचं अर्धं गणगोत हैदराबादला, म्हणजे तिकडची ऑर्डर ॲपवरून नाहीच. बघू. संक्रांतीच्या आत नोंद करायची आहे, बोरन्हाणाला कुंच्या लागतात.

लाल खण आणलाय, त्याचा कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघितला तर फडकं गुलाबी. तो परत करणार. मलमल बादलीत भिजत घातलीय, सकाळी पिळून गच्चीवर वाळत घालायची, शेजारच्या मांजरीकडं लक्ष ठेवावं लागंल.