कोंक: चोरून आणलेल्या अस्थींवर मोठं झालेलं गाव

दक्षिण फ्रान्समधल्या रोदेझ शहरापासून कोंक गावापर्यंतचं अंतर चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर आहे, पण पाऊण-एक तास धरूनच निघा. दूर्दू नदीच्या अरुंद खोऱ्यातून रस्ता वळणं घेत जातो, दोन्ही बाजूंना गर्द झाडी. गाव कुठे आहे याचा शेवटपर्यंत पत्ता लागत नाही आणि मग एकदम डोंगराच्या कुशीत टोकदार छपरं आणि चर्चचे मनोरे दिसतात.

कोंक दक्षिण फ्रान्सच्या आव्हेरों जिल्ह्यात आहे. ऊश नावाचा ओढा इथे दूर्दूला मिळतो, दूर्दू पुढे जाऊन लॉट नदीला. गाव ओढ्याच्या वरच्या उतारावर, उन्हाकडे तोंड करून बसलंय. घरं जांभ्यासारखी चिऱ्यांची नाहीत. इथला दगड म्हणजे पापुद्र्यांचा शिस्ट. भिंतींना तोच, छपरांवर कौलांऐवजी त्याच्याच पातळ फरश्या, आणि वरच्या मजल्यांना लाकडी चौकटींमध्ये भरलेल्या भिंती. चर्चला मात्र जवळच्या पठारावरचा पिवळसर चुनखडीचा दगडही वापरलाय. त्यामुळे करड्या गावात तेवढीच एक इमारत उन्हात सोनेरी दिसते.

अशा अडनिड्या जागी मुळात कोण येऊन राहिलं? आठव्या शतकाच्या अखेरीस दादों नावाचा एक एकांतवासी इथे राहिला, त्याच्याभोवती बेनेडिक्टिन पंथाच्या ख्रिस्ती भिक्षूंचा मठ उभा राहिला. एकांतासाठी जागा उत्तमच, पण मठ चालवायला पैसा लागतो. इथे ना सुपीक शेती, ना व्यापारी रस्ता. त्यात जवळच्या फिझाकच्या मठाशी चुरस. त्या काळात यावर हमखास उपाय एकच होता: एखाद्या संताच्या अस्थी मिळवायच्या, म्हणजे भाविक आपोआप येतात.

कोंकने निवडली सँत फ्वा, म्हणजे संत फ्वा. ही आझँ शहरातली बारा-तेरा वर्षांची मुलगी. रोमन काळात, इ. स. ३०३ च्या सुमारास, ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिला म्हणून तिला मारलं, अशी परंपरा आहे. तिच्या अस्थी आझँलाच होत्या. परंपरा पुढे सांगते की कोंकचा एक भिक्षू तिथे जाऊन राहिला, वर्षानुवर्षं विश्वास कमावला, थडग्याची राखण स्वतःकडे घेतली आणि ८६६ च्या सुमारास संधी साधून अस्थींसह कोंकला परतला. मठाने हे लपवलं नाही. उलट अभिमानाने लिहून ठेवलं. युक्तिवाद असा, की संताची इच्छा नसती तर चोरी जमलीच नसती! आझँकरांना हे पटलं असेल असं वाटत नाही.

पण उपाय लागू पडला. ल प्वी या फ्रेंच शहरातून स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राकडे पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट कोंकवरून जाऊ लागली आणि अकराव्या शतकात आजचं चर्च बांधायला घेतलं. उतारामुळे लांबी वाढवायला जागा नाही, म्हणून ते उंच गेलं: मधला भाग सुमारे २२ मीटर. गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेचा मार्ग ठेवलाय, म्हणजे प्रार्थना चालू असतानाही यात्रेकरूंची रांग अस्थींजवळून पुढे सरकत राहायची.

खजिन्याच्या दालनात सँत फ्वाची मूर्ती आहे. जेमतेम ८५ सेंटिमीटर उंच, लाकडावर सोन्याचा पत्रा, सिंहासनावर बसलेली. चेहरा उशिराच्या रोमन काळातला, बहुधा कुठल्याशा पुरुषाचा. मुलीच्या मूर्तीला तो तसाच बसवलाय. अंगभर रत्नं, कोरीव खडे, जुन्या अंगठ्यांमधले दगड. ही सगळी भाविकांची देणी. आपल्या देवीच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या नवसाचे दागिने चढत जातात, अगदी तसंच. आँजेचा बर्नार नावाचा एक विद्वान अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आला, तेव्हा त्याला ही उघड मूर्तिपूजा वाटली होती. नंतर तोच तिचे चमत्कार लिहून काढायला बसला. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. तुलूझच्या सरदाराच्या बायकोच्या, आर्सेंदच्या, स्वप्नात ही संत येते आणि तिची सोन्याची कांकणं मागते. आर्सेंदही पक्की. ती म्हणते, मुलगा होऊ दे, मग देते. सौदा ठरतो आणि दोन मुलगे होतात.

आता चर्चच्या पश्चिम दारावरचं शिल्प. बाराव्या शतकातला अंतिम न्यायाचा देखावा, १२४ आकृत्या. मध्ये ख्रिस्त, एका बाजूला स्वर्ग, दुसऱ्या बाजूला नरक. खरं सांगायचं तर स्वर्ग फारच शिस्तीचा आहे. माणसं ओळीत उभी. वेळ नरकापुढे काढा. कंजूष माणूस गळ्यात पैशाची थैली घेऊन लटकतोय, सरदार घोड्यावरून डोक्यावर पडतोय, आणि चोरून शिकार करणाऱ्याला खुद्द ससा आगीवर भाजतोय. पाप-पुण्याच्या तराजूजवळ थांबून नीट बघा: सैतानाचा माणूस आपलं पारडं बोटाने हळूच दाबतोय. सगळ्यात वर, कमानीच्या कडेला, दगडाच्या पट्टीमागून काही छोटे चेहरे डोकावतात. खालची पट्टी लॅटिनमध्ये पाप्यांना ताकीद देते: वागणं सुधारा, नाहीतर कठोर निवाडा होईल. दुर्बीण न्या, तिच्याशिवाय यातलं निम्मं हुकेल.

यात्रेकरू आटले तसं गाव गरीब झालं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी सरकार सोनं वितळवायला नेणार हे कळल्यावर गावकऱ्यांनी खजिना घराघरांत लपवला आणि नंतर परतही केला. १८३७ मध्ये सरकारचा वास्तू-निरीक्षक म्हणून लेखक प्रॉस्पर मेरिमे इथे आला. चर्च मोडकळीला आलं होतं, त्याने ते वाचवण्यासाठी पाठपुरावा केला. गरिबीचा एक फायदा मात्र झाला: जुनी घरं पाडून नवी बांधायला कोणाकडे पैसाच नव्हता.

खिडक्यांच्या काचा पाहून काहींचा विरस होतो. रंगीत संत नाहीत, नुसत्या पांढुरक्या काचा आणि वाहत्या काळ्या रेषा. त्या रोदेझमध्येच जन्मलेल्या चित्रकार पिएर सुलाझच्या, १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या. १०४ खिडक्या. काचेपलीकडचं काही दिसत नाही, फक्त उजेड आत येतो. सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा आत जाऊन बसा, भिंतींचा रंग बदललेला दिसेल. मला त्या फार आवडल्या. सोबतच्या मंडळींना अजिबात नाही.

आता कामाचं. पॅरिसहून रोदेझला रात्रीची रेल्वे आहे; तिथून पुढे भाड्याची गाडी सर्वात सोयीची, कारण बस मोजक्या. तुलूझहून गाडीने साधारण अडीच-तीन तास. पाहुण्यांच्या गाड्या गावाबाहेरच्या तळावर ठेवाव्या लागतात आणि पुढे चढ-उतार आहेत, तेव्हा चाकांची मोठी बॅग टाळा. पावसात फरशा गुळगुळीत होतात, बूट पकड असलेले हवेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी चर्चच्या आसपासच फिरावं.

दुपारी फक्त दोन तास येऊन जाणारे बरेच. तसं करू नका, एक रात्र राहा. दार पश्चिमेला असल्यामुळे शिल्पावर ऊन दुपारनंतरच पडतं. शिवाय हंगामात रात्रीच्या प्रार्थनेनंतर मठातले पांढऱ्या झग्यातले बंधू दारापुढे उभे राहून शिल्पाचं निरूपण करतात. ते फ्रेंचमध्ये असतं, म्हणून आधी शिल्प नीट पाहून ठेवा. मग आत ऑर्गन वाजतो आणि वरच्या सज्ज्यात जाता येतं; तिथून खांबांवरचं कोरीवकाम हाताच्या अंतरावर येतं. मठाच्या धर्मशाळेत पायी यात्रेकरूंना प्राधान्य असतं. इतरांनी खोली आधीच ठरवावी, आणि हिवाळ्यात बरंच बंद असतं.

शाकाहारींनी 'अलिगो' मागवावं: बटाटा, ताजं चीज, साय आणि लसूण एकत्र घोटून केलेलं, चमच्याने उचललं की हातभर तार येते. बरोबर सॉसेज देतात, ते नको असं आधीच सांगा. सूपबद्दलही विचारा, मांसाचा रस्सा असू शकतो. दुपारचं जेवण दोनपर्यंत उरकायचं, नंतर स्वयंपाकघरं बंद होतात.

फोटोसाठी घळीच्या पलीकडच्या बाँकारेलच्या टेकडीवर जा. अख्खं गाव एका चौकटीत तिथूनच मावतं. चालायची हौस असेल तर यात्रेकरूंच्या वाटेने खाली दूर्दूवरच्या जुन्या दगडी पुलापर्यंत उतरा. त्याला 'रोमन पूल' म्हणतात, पण तो मध्ययुगातला आहे. परतीचा चढ दमवतो, पाणी बरोबर असू द्या.