हब डायनॅमो कस्टममधून सोडवताना : माझा अनुभव

सायकलवर सामान लादून फिरायला जे लागतं ते जवळजवळ सगळं आता ठाण्यात बसून मिळतं. कॅरिअर, त्याला दोन्ही बाजूंनी अडकवायच्या पिशव्या म्हणजे पॅनिअर, तंबू, झोपायची मॅट, डोक्याला लावायचा दिवा. यातल्या कशासाठीही मला फार धावपळ करावी लागली नाही. घोडं अडलं ते मुठीएवढ्या एका वस्तूपाशी, हब डायनॅमोपाशी. ती अंधेरीला एका कुरिअर कंपनीच्या गोदामात पडून होती आणि मी घोडबंदर रोडवरून तिच्यासाठी रोज फोन करत होते. तो राग अजून गेलेला नाही. निदान दुसऱ्या कुणाला कागद आधीपासून तयार ठेवता यावेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुढच्या चाकाच्या मधला साधा हब काढून त्याजागी हा बसतो. आत चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, चाक फिरलं की वीज तयार होते. ताशी 15 किमीच्या आसपास वेग असला की 6 व्होल्ट, 3 वॅट मिळतात. दिवा त्यावर सरळ चालतो. फोन चार्ज करायचा तर मध्ये छोटा चार्जर लागतो, कारण हबमधून येणारी वीज एसी असते आणि फोनला डीसी लागते. मला तो हवा होता सागरी मार्गासाठी : मांडव्याला उतरून रेवदंडा, मुरूड, आगरदांडा-दिघी बोट, दिवेआगर, हरिहरेश्वर, बाणकोटची खाडी ओलांडून वेळास-केळशी, पुढे दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. सुरूच्या बनात मुक्काम करायचा तर प्लग कुठे शोधणार? आणि त्या पट्ट्यात वाऱ्यापावसाने वीज गेली की परत कधी येईल याचा नेम नसतो.

डिस्क ब्रेकचा, 32 भोकांचा हब इथल्या दुकानांत मिळेना, म्हणून तैवानी बनावटीचा बाहेरून मागवला. मुंबईत तो वेळेत उतरला. ट्रॅकिंगवर ‘क्लिअरन्स’, म्हणजे कस्टमची तपासणी चालू, असं दिसलं, आणि मग ते पान हलेचना.

कस्टमर केअरला फोन केला. ‘मॅडम, होल्ड दाखवतंय.’ का? ‘सिस्टिममध्ये कारण आलेलं नाही.’ केवायसी मागितली, आधार आणि पॅन पाठवलं. नंतर ऑथरायझेशन लेटर मागितलं, तेही सही करून पाठवलं. मग ईमेल आली, ‘जनरेटरची क्षमता, कॅटलॉग आणि बीआयएस प्रमाणपत्र सादर करावे.’ बीआयएस म्हणजे मालाच्या दर्जाचं सरकारी प्रमाणपत्र. मी ती ईमेल पुन्हा पुन्हा वाचली. परत फोन.

‘अहो, जनरेटर नाहीये, सायकलच्या चाकाचा हब आहे.’

‘इन्व्हॉइसवर डायनॅमो आहे ना मॅडम. आमच्याकडे जनरेटरमध्येच जातं.’

आयातीच्या प्रत्येक वस्तूला एक कोड लागतो. 8501 म्हणजे विजेच्या मोटरी आणि जनित्रं. 8714 म्हणजे सायकल-मोटारसायकलचे सुटे भाग, त्यात हबचा स्वतंत्र उल्लेख आहे. 8512 मध्ये सायकलच्या दिव्यांचं विद्युत सामान येतं. कुरिअरच्या माणसाने यातला पहिला टाकून ठेवला होता आणि त्या एका आकड्यामुळे पुढचे सगळे प्रश्न निघत होते. मी हे लिहून पाठवलं. उत्तर, ‘संबंधित विभागाकडे पाठवले आहे.’ दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस फोनवर, त्याला पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगायची. तिसरा म्हणाला, लवकर सोडवा, गोदामाचं भाडं चढतंय. भाडं चढत होतं त्यांच्या चुकीच्या नोंदीमुळे, आणि ते भरायचं मी! घरी सगळे म्हणत होते, सोडून दे, पैसे गेले असं समज. मला ते पटेना. ती वस्तू माझी होती, पैसे माझे होते, कागद सगळे बरोबर होते.

शेवटी खारघरच्या मैत्रिणीला फोन केला. तिच्या सायकलला हब डायनॅमो आहे. ती म्हणाली, ‘अगं, कागदावर नाही कळणार त्यांना. चाकच घेऊन जा.’ तिने पुढचं चाक काढलं, दिव्याची वायर जोडलेलीच ठेवली आणि ट्रान्स-हार्बरने ठाण्याला आणून दिलं. मी ते जुन्या चादरीत गुंडाळलं, दुपारच्या कमी गर्दीच्या लोकलने घाटकोपर गाठलं, तिथून मेट्रोने मरोळ नाका. मेट्रोच्या स्कॅनरमध्ये चाक जात नव्हतं. तिथल्या ताईंनी चादर उघडून हाताने तपासलं आणि सोडलं.

गोदामाच्या ऑफिसात आधी बसवून ठेवलं. मी रिसेप्शनवर एकच वाक्य धरून ठेवलं, ‘मला कस्टमर केअर नको, क्लिअरन्स डेस्कचा माणूस हवाय.’ हे वाक्य लक्षात ठेवा. नंबर फिरवून जो माणूस भेटतो त्याच्या हातात काही नसतं. तुमचा बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमकडे द्यायचा आयातीचा अर्ज, ज्याने भरला त्याच्यापर्यंत पोचलं तरच काम पुढे सरकतं.

ते गृहस्थ आले, वयस्कर होते. मी म्हटलं, ‘साहेब, दोन मिनिटं हे धरता का?’ त्यांनी ॲक्सलची दोन्ही टोकं धरली, मी चाकाला जोरात हात मारला. टेबलावर ठेवलेला दिवा लागला आणि समोरच्या फायलींच्या कपाटावर पांढरा चौकोन पडला. चाक मंदावलं तसा उजेड फडफडला. त्यांनी स्वतः पुन्हा एकदा फिरवून बघितलं, मग ॲक्सल बोटांनी सावकाश वळवला. आतले चुंबक अडखळत सरकतात ते हाताला कळतं.

‘म्हणजे हे सायकलशिवाय चालतच नाही?’

‘नाही चालत. हा चाकाचाच भाग आहे. चाकाच्या तारा यातच ओवल्यात बघा.’

त्यांनी माझं पत्र मागितलं. पत्र मी तयारच नेलं होतं : वस्तूचं नाव, ती सायकलच्या कुठल्या भागात बसते, 6 व्होल्ट 3 वॅट, वैयक्तिक वापरासाठी एकच नग, कंपनीच्या माहितीपत्रकाचं पान आणि चाकात बसलेल्या हबचा फोटो. 8714 की 8512 ते कस्टमने ठरवावं, पण 8501 नाही, असंही स्पष्ट लिहिलं होतं. त्यांनी शिक्का मारून पोच दिली. नोंद सायकलचा भाग म्हणून दुरुस्त झाली, शुल्क आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) ऑनलाइन भरला आणि पार्सल घरी आलं. गोदामाचं भाडं मी भरलं नाही. चुकीची नोंद कुणी केली हे तारखांसकट ईमेलवर लिहिलं, तेव्हा त्यांनी ते काढून टाकलं. या गोष्टीचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

पुढचं सगळं भरभर झालं. जांभळी नाक्याजवळच्या जुन्या सायकलवाल्या काकांनी चाक बांधून दिलं. या हबची तारा ओवायची कड मोठी असते, त्यामुळे जुन्या तारा लांब पडतात. नव्या तारा मोजून घ्या, जुन्या वापरू असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. काकांनी तीन क्रॉस टाकून, म्हणजे प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडेल असं, बांधलं आणि थोडं चालवून परत आणायला सांगितलं, तेव्हा पुन्हा एकदा आउट काढून दिला, म्हणजे तारा ओढून चाक सरळ केलं. तो दुसरा आउट चुकवू नका, भरलेल्या सायकलचं वजन पडलं की तारा बसतात.

कॅरिअरचं राहिलंच सांगायचं. डिस्क ब्रेकचा कॅलिपर कॅरिअरच्या पायाला अडतो. त्यासाठी मोठा बोल्ट आणि मध्ये स्पेसर लागतो. वागळे इस्टेटमध्ये कुठल्याही लेथवाल्याकडे कॅरिअर आणि सायकल दोन्ही घेऊन जा, ॲल्युमिनियमचा स्पेसर तिथल्या तिथे कातून देतात. पुढच्या फोर्कला 64 मिमी अंतरावर तीन भोकं असतील तर तिथे पिंजरे लावून हलकं सामान टाका, मागचं चाक वाचतं. पॅनिअर तोंड गुंडाळून बंद होणारेच घ्या. चेनवाल्या पिशवीत पावसाचं पाणी शिरतंच.

स्टोव्हचा गॅस ट्रेनमध्ये नेता येत नाही, विमानात तर नाहीच. परतीचा प्रवास कोकण रेल्वेने करणार असाल तर उरलेला डबा बरोबर ठेवू नका. आपल्याकडे 220 ग्रॅमचे नळीवाले उभे डबे सहज मिळतात, म्हणून स्टोव्ह त्यांना चालणारा घ्या किंवा स्क्रूच्या स्टोव्हला अडॅप्टर लावा. तंबूचा सराव येऊरला करायचा विचार असेल तर सोडून द्या, ती राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे. कोकणात ग्रामपंचायतीत किंवा देवळात विचारून तंबू लावा, बहुतेक ठिकाणी पाण्याची सोयही दाखवतात.

आणि हबबरोबर पार्सलमध्ये दुसरं काही मागवू नका. ब्लूटूथवाली वस्तू असली की दूरसंचार खात्याच्या मंजुरीचा वेगळा प्रश्न निघू शकतो आणि त्यात तुमचा हबही अडकतो. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र तर परवानगीशिवाय आपल्याकडे बाळगणंच गुन्हा आहे, परदेशी सायकलस्वारांचे व्हिडिओ बघून ते मागवू नका.

चार्जिंगबद्दल : केळशी-आंजर्ल्याच्या चढांवर वेग इतका पडतो की फोन चार्ज होणं थांबतं आणि परत सुरू होतं. फोनला ते मानवत नाही. हबच्या चार्जरला छोटी पॉवर बँक जोडा आणि रात्री त्यातून फोन भरा.

विक्रेत्याला पार्सल निघायच्या आधीच सांगा की इन्व्हॉइसवर नुसतं डायनॅमो लिहू नका. सायकलच्या पुढच्या चाकाचा हब, सायकलच्या दिव्यासाठी, असं पूर्ण लिहा आणि कोडही टाका. कुरिअरशी बोलणं सगळं ईमेलवर, विषयाच्या ओळीत एअर वेबिल नंबर, म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग नंबर. पार्सल मिळालं की बिल ऑफ एंट्रीची प्रत आणि शुल्काची पावती मागून घ्या. न मागता कुणी देत नाही, आणि हब वॉरंटीत परत पाठवायची वेळ आली तर पहिल्यांदा हेच दोन कागद विचारतात.