वाटी, वाटीत, वाटीला

कर्वेनगरहून आई, बाबा आणि आजी ८ महिन्यांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे कान तपासायला आले होते. तक्रार एकच, हाक मारली तर बघत नाही. जन्मानंतरची ओएई, म्हणजे कानाची, तपासणी पास होती, तरी घरच्यांची झोप उडाली होती.

साउंडप्रूफ खोलीत तिला आईच्या मांडीवर बसवलं. आवाजाच्या बाजूला मान वळवली की तिथल्या पेटीत दिवा लागतो आणि माकड ढोल वाजवतं. पोरगी अगदी बारीक आवाजालाही वळली. कान उत्तम!

"घरी हिच्याशी कोण बोलतं?" मी विचारलं.

लाडिक बोललं की भाषा बिघडते, असं कुणीतरी सांगितल्यामुळे आजींना तसं बोलायला मनाई होती. दिवसभर मोबाइलवर बालगीतं. त्या गलक्यात हाक विरत असावी, असा माझा अंदाज.

"आजी, भरवताना बोलायचात तसं बोला."

त्यांनी सुनेकडे पाहिलं. "बोला ना, आई," ती म्हणाली.

"वाटीऽ! वाटीत काय? भाऽत! वाटीला हात नको लावू हं. झाली बघ रिकामी वाटीऽ!"

पोरीचे हलणारे पाय थांबले. नजर आजींच्या ओठांवर.

ते शब्द मी फाइलच्या पाठीवर लिहून दाखवले. शब्दांमधली मोकळी जागा कागदावर असते, बोलण्यात नसते. शब्द कुठे संपला हे बाळाला कानानंच शोधावं लागतं. इथे 'वा'मागून दर वेळी 'टी' येते. 'टी'पुढे मात्र कधी 'त', कधी 'ला', कधी काहीच नाही. म्हणजे 'वाटी' एकत्र. सॅफ्रन, ॲस्लिन आणि न्यूपोर्ट या संशोधकांनी १९९६ मध्ये ८ महिन्यांच्या बाळांना फक्त २ मिनिटं निरर्थक अक्षरं एका सुरात, न थांबता ऐकवली. तेवढ्यावर बाळांनी कुठली अक्षरं जोडीनं येतात ते टिपलं! आजी तर सूर चढवतात, शेवट लांबवतात, थांबतात. त्यानं शोध सोपाच होतो.

मोबाइलबद्दल मी स्पष्ट बोलले. संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात ९ महिन्यांची अमेरिकन बाळं समोर बसून खेळवणाऱ्या माणसांकडून १२ बैठकींत चिनी ध्वनी शिकली. दुसऱ्या बाळांना तीच माणसं पडद्यावर दाखवली, ती बाळं मात्र काहीच शिकली नाहीत.

दोन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. निघताना दाराशी आजींचा आवाज आला, "ही आजीची चप्पलऽ! चपलेत पाय घालू?" 'चप्पल'चं 'चपले' झालं, हे कोडं वाटीहून अवघड. पोरगी कडेवरून वाकून ऐकत होती.