आमची वाटचाल : माळावर गवत पेरण्याचा धंदा

वडिलांचा कडब्याचा व्यापार. सुगी उरकली की मंगळवेढा, मोहोळकडून ज्वारीच्या कडब्याच्या गाड्या यायच्या आणि दुष्काळी सालात पेंढीचा भाव ऐकून गिऱ्हाईक गप्प व्हायचं. दुकान माझ्याकडे आलं तेव्हाही तेच शेतकरी, तेच रडगाणं : माळ आहे, पण जनावरापुढं टाकायला काही नाही. तेव्हापासून कडब्याच्या जोडीला गवताचं बी ठेवायला लागलो.

"आवो, गवत कुणी पेरतं व्हय?" सुरुवातीला हेच ऐकायचो. ज्यांना पटायचं, ते लगेच ट्रॅक्टर लावायला निघायचे. आम्ही नांगर घालू देत नाही. आपल्या मुरमाड माळावर माती चार बोटं, तीही वळवाच्या एका सरीत ओढ्याला लागते. आहे ते गवत मुळासकट राहू द्यायचं आणि विरळ जागी वरून बी टाकायचं.

माळावर गेलो की आधी बोरीच्या झुडपात डोकावतो. उघड्यावर नुसती कुसळी असते, पण काट्यांच्या आत, जिथं शेळीचं तोंड पोचत नाही, तिथं मारवेलाचं, म्हणजे जनावरं आवडीनं खातात त्या गवताचं, एखादं ठोंब हमखास सापडतं. ते दिसलं की मालकाला सांगतो, जमिनीत दम आहे, चराई जास्त झालीय. मग मिश्रण ठरतं. अंजन आणि पवन्या ही गवतं माळाला, मारवेल जरा ओल धरणाऱ्या जागी, सोबत स्टायलो. स्टायलो शेंगवर्गीय, त्यामुळे जमिनीला नत्र मिळतं आणि वैरणीत प्रथिनं वाढतात. त्याचं टरफल टणक, म्हणून पेरणीआधी चार-पाच मिनिटं कडक पाण्यातून काढतो.

गवताचं बी ज्वारीसारखं चाड्यातून सरसर उतरत नाही. अंजनाचं बी म्हणजे केसाळ बोंडं. एकमेकांत गुंततात, वाऱ्यावर उडतात, पाभरीची नळी बुजवतात. म्हणून ओलसर माती आणि चाळलेल्या शेणखतात चोळून हातानं फोकतो. जुनं गवत आधी आखूड कापलेलं हवं, नाहीतर रोपाला ऊन मिळत नाही. बी टाकल्यावर बाभळीच्या फांद्या ओढून जेमतेम माती लावायची. बोटाच्या पेराएवढं खोल गेलं तरी उगवण मार खाते. शेळ्या-मेंढ्यांचा कळप एकदा फिरवला तरी खुरांनी काम होतं. मेंढपाळांना हे आमच्याआधीपासून ठाऊक आहे.

सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. जूनच्या पावसावर उगवलेलं रोप जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत तगतं का, यावर सगळा खेळ. म्हणून एकाच जातीच्या बियाण्यावर आम्ही काम घेत नाही.

खरी अडचण बियाण्याची नाहीच. पहिला पावसाळा माळ चराईला बंद ठेवायचा, कापणीही बी झडल्यावर. त्या साली मिळणारी वैरण हलकी असते, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या वर्षापासून फुलोऱ्यात कापा, चांगली वैरण मिळेल. गावचं गायरान असेल तर बंदीसाठी बैठका घ्याव्या लागतात आणि मेंढपाळांना बाजूला ठेवून घेतलेला ठराव कागदावरच राहतो. बंदीची तयारी नसेल, तर आम्ही काम नाकारतो. धंद्याला ते परवडत नाही, पण उगवलेलं रोप आठवड्यात चरून गेलं की नाव आमचंच जातं.

काही जण गवताबरोबर झाडंही लावून मागतात. तेही घेत नाही. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं ते उघड्या गवताळ माळासाठीच. त्याला वन करायची घाई कशाला?

आता बी आम्ही स्वतः गोळा करतो. दिवाळीच्या सुमाराला बांधावरच्या पवन्याचे तुरे गावातल्या बायका हातानं ओरबाडून आणतात, वजनावर रोख पैसे मिळतात. ताजं बी लगेच उगवत नाही, पोत्यात काही महिने पडून राहावं लागतं. त्यामुळे पुढच्या जूनचा साठा डिसेंबरातच ठरलेला असतो. पवन्या हवा असेल तर मार्चच्या आत सांगा. मे महिन्यात फोन केलात तर अंजन आणि स्टायलोवरच भागवावं लागेल.