दीड महिन्याची कलाकृती

केस कापणाऱ्याची कलाकृती दुकानाची पायरी उतरली की लगेच बिघडायला लागते. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे जेमतेम दीड महिन्यात त्याच्या सगळ्या कोनांची आणि रेषांची वाट लागलेली असते. हे माहीत असूनही एखादा माणूस चाळीस-पन्नास वर्षं कात्री चालवत राहतो, याचं मला फार कौतुक वाटतं.

जुना हात ओळखायचा कसा? खुर्चीत बसल्यावर तो आधी काहीच करत नाही. नुसती बोटं फिरवतो. भोवरा कुठे आहे, कुठल्या दिशेला वळतोय, मानेवरचे केस खाली बसतात की उलटे उठतात, हे सगळं बोटांनीच वाचतो. मग कात्री. ओले केस ताणले की लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात, कुरळे तर चांगलेच. त्यामुळे तो हवं त्यापेक्षा जरा खालीच थांबतो. नवशिक्या मोबाइलमधल्या फोटोबरहुकूम कापतो. अनुभवी माणूस तुम्ही दोन दिवसांनी घरी डोकं धुऊन, कसंबसं पुसून आरशासमोर उभे राहाल, त्या वेळेसाठी कापतो. (आणि ‘अजून थोडे बारीक करा’ म्हटलं की ‘बरं’ म्हणून नुसतीच हवेत कात्री वाजवतो, असा मला दाट संशय आहे.)

लंडनच्या व्हिडाल ससून या केशरचनाकाराने आयुष्यभर याच ‘दोन दिवसांनी’चा विचार केला. जन्म १९२८चा, बालपणाची काही वर्षं अनाथाश्रमात. चौदाव्या वर्षी आईच्या आग्रहाखातर तो या धंद्यात उमेदवारीला लागला. त्याला स्वतःला व्हायचं होतं वास्तुरचनाकार. १९५४मध्ये बाँड स्ट्रीटवर त्याने स्वतःचं सलॉन थाटलं, तेव्हा बायकांची केशरचना म्हणजे रोलर, उलटा कंगवा फिरवून फुगवलेले केस आणि ते जागच्या जागी राहावेत म्हणून मारलेला फवारा. ते टिकवायला दर आठवड्याला सलॉनची फेरी ठरलेली. वाऱ्यात निघायची सोय नाही आणि झोपायचंसुद्धा बेतानं!

ससूनने सगळा भार कात्रीवर टाकला. कवटीची ठेवण आणि गालाची हाडं पाहायची, केस आपणहून कुठे पडतात ते पाहायचं आणि त्या हिशेबाने कोन धरायचा. बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या साध्या, भौमितिक शैलीतल्या इमारतींवर त्याचा जीव होता आणि त्यांच्यासारखीच नक्षी वजा केलेली, रेषेवर उभी राहणारी रचना त्याला डोक्यावर हवी होती. १९६४चा त्याचा पाच टोकांचा कट पाहिला की हुकलेलं वास्तुशास्त्र कुठे गेलं ते कळतं. कट जमला की नाही याची परीक्षाही सोपी: डोकं जोरात हलवा, केस पुन्हा जागेवर आले पाहिजेत.

धंद्याच्या दृष्टीने हा वेडेपणाच म्हणायचा. दर आठवड्याला येणारी बाई आता पाच-सहा आठवडे फिरकायची नाही. पण असा कट घरी धुऊन नुसता वाळवला तरी चालायचा, आणि नोकरीवर पळणाऱ्या मुलींना तेच तर हवं होतं.

त्याने कापलेला एकही केस आता कुणाच्या डोक्यावर नाही. कापायची पद्धत मात्र राहिली. केसांचे भाग कसे पाडायचे, बट किती अंशात उचलायची, हे त्याने शिकवण्याजोगं करून ठेवलं, शाळा काढल्या. २०१२मध्ये तो गेला, तरी त्या कोनांवर अजून नवे हात तयार होतायत.

पुढे त्याच्या नावाने शाम्पूही निघाला आणि तडाखेबंद खपला. बायकांची दर आठवड्याची फेरी वाचवणारा हा माणूस अशा रीतीने थेट त्यांच्या न्हाणीघरातच जाऊन बसला. म्हणजे धंदा अगदीच कळत नव्हता असं नाही!